वरवंटा सापडत नाही

‘वरवंटा’ हा शब्द मला पडद्यावर दिसत होता. दुसऱ्या परिच्छेदात, ओळीच्या अगदी शेवटी, डोक्यावर ठसठशीत अनुस्वार घेऊन बसलेला. आणि लॅपटॉप सांगत होता, की या फाइलमध्ये असा शब्दच नाही. पुन्हा टाइप केला. जोडाक्षर नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, चुकायला जागाच नव्हती. मग नुसतं ‘वर’ शोधलं. नाही. शेवटी चिडून एकटा ‘व’ शोधला. तोही नाही. मराठी मजकुराने गच्च भरलेल्या जाडजूड पीडीएफमध्ये एकही व नाही, असं त्या यंत्राचं ठाम म्हणणं होतं.

फाइल माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या लेखांची. बँकेतली नोकरी सांभाळून ते नव्वदच्या दशकात एका साप्ताहिकात सदर लिहायचे. विषय बहुतेक घरातले, माजघरातले. घंगाळ, फिरकीचा तांब्या, कोनाडा, उंबरठ्याला झिजून पडलेला खड्डा. काका गेल्यावर तिला त्या लेखांचं पुस्तक करायचं होतं, छापील आणि शिवाय फोनवर वाचता येईल असं ई-बुकही. मी मुद्रितशोधक, म्हणजे साध्या मराठीत प्रुफं तपासणारी. त्यामुळे सीडीवरून निघालेली ती पीडीएफ माझ्याकडे आली. तिची पहिली फर्माईश होती, “आजीच्या वरवंट्याचा लेख आधी काढ ना गं. पाट्याला टाकी लावणारी बाई आली की आजी तिच्याशी चार आण्यांवरून तासभर हुज्जत घालायची, ते सगळं आहे त्यात.” लेख मी पानं उलटत काढला, त्यात विशेष काही नाही. पण डोळ्यांना दिसतंय आणि यंत्राला दिसत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मला ठाऊक होतं. या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ती ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली, तर वरवंट्याच्या जागी युरोपातल्या कुठल्याशा भाषेचा चिवडा उमटतो. डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ, पौंडाची खूण, कंस, मधेच एखादं उलटं प्रश्नचिन्ह. जुन्या फाँटांची रचनाच तशी होती. संगणकाच्या मते तिथे रोमन अक्षरं आणि त्यांच्या शेजारची चिन्हंच होती. फाँटाने फक्त त्यांना मराठी मुखवटे चढवले होते. जागा जेमतेम दोनशेच्या आसपास, आणि आपली जोडाक्षरं अफाट. म्हणून अक्षराचे तुकडे पाडलेले. अर्धा व एका घरात, त्याचा दंड दुसऱ्या घरात, अनुस्वार तिसऱ्या. तुकडे शेजारी मांडले की व दिसतो. दिसतो, इतकंच. कागदावर छापायचा आहे म्हटल्यावर दिसण्यापलीकडे कुणाला काही नको होतं. शिवाय प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. श्रीलिपीत केलेलं काम आकृतीवाल्याकडे नेलं की तिसरीच लिपी उमटायची, आणि आयएसएमवाला दोघांकडे बघून हसायचा.

ही सगळी तुकडेजोड मी जवळून पाहिली ती नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देणाऱ्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे वाड्याच्या जिन्याखालची खोली. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे, म्हणून ऑपरेटर बाईंना लेखकांपासून प्लेटमेकिंगच्या पोऱ्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणत. गणपती उठले की दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायची आणि मग त्या खोलीला स्वतःचा असा एक वास यायचा. तापलेल्या टोनरचा, ट्रेसिंग पेपरचा, आणि खालच्या अमृततुल्यातून वर येणाऱ्या वेलदोड्याचा. पंखा लावायचा नाही, कारण प्रुफं उडतात. मी त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसून दुरुस्त्या वाचून दाखवायचे आणि त्या माझ्याकडे न बघता करत जायच्या. संगणकाच्या पाठीमागे आगपेटीएवढं एक पांढरट डबडं खोचलेलं असायचं, त्याच्या पाठीला प्रिंटरची केबल. तो डाँगल. तो काढला की मराठी बंद. सॉफ्टवेअरची कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने दिलेलं ते कुलूप, आणि त्याची किंमत इतकी, की दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, रोज रात्री तो उपसून गोदरेजच्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या मागे ठेवायचे. एका पावसाळ्यात तो बिघडला तेव्हा नवा येईपर्यंत खोलीतली मराठी थांबलेली मी पाहिली आहे. इंग्रजी पत्रं, बिलं सगळं चालू. फक्त मराठी बंद.

वहिनींची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. पेशवे पार्काजवळच्या कुठल्याशा इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली होती, मग चाळीसची. पहिली वेलांटी त्या अक्षराच्या आधी मारायच्या, कारण ती आधी दिसते. रफार अक्षराच्या नंतर, कारण तो नंतर, वर चढतो. उच्चाराशी त्यांच्या बोटांना घेणंदेणं नव्हतं. डोळ्याला जे डावीकडून उजवीकडे दिसतं तेच हात लिहीत जात. आणि तरी, किंवा कदाचित म्हणूनच, त्यांच्याइतकी नजर मी फार कमी संपादकांकडे पाहिली. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र आणि ‘सूर्य’ मधला रफार यांत लेखक हमखास घोळ घालत. वहिनी हस्तलिखितातली चूक बिनबोभाट सुधारून टाकायच्या. एका नामवंत प्राध्यापकांनी प्रुफावर ती पुन्हा मूळपदावर आणली, तर त्यांनी समासात पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. प्राध्यापकांनी मुकाट्याने मान्य केलं.

ते डबडं, ती पेन्सिल, तो प्राध्यापक आणि मी. मराठी मजकूर छापला जायचा तो एवढ्या माणसांच्या हातांखालून.

त्याच काळात, आमच्या जिन्याखालच्या खोलीला पत्ता नसताना, बाहेर दुसरंच काही चाललं होतं. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, फाँट कुठलाही असो, असं ठरवून युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली होती. तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्याकडच्याच इस्की या प्रमाणावरून घेतलेली होती. म्हणजे वरवंट्याच्या व ला त्याचा क्रमांक काकांनी तो लेख लिहिण्याच्या कितीतरी आधी मिळाला होता! पण आमचा सगळा धंदा पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर, आणि पेजमेकरला देवनागरीचं युनिकोड शेवटपर्यंत उमगलं नाही. २००१ साली त्याची सातवी आवृत्ती आली, तीच शेवटची. विंडोजमध्ये २००० साली मंगल फाँट आला, आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. तरी त्यानंतरच्या एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि ती केली की संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कुणाकडे असायची? दुकानदाराने संगणक जोडून देतानाच परत नेलेली असायची. मराठी आणि मराठी माणूस यांच्यामध्ये किती दिवस एक सीडी आडवी उभी होती, याचा विचार केला की अजूनही हसू येतं. थोडा रागही येतो.

जे लोक त्या सीडीच्या पलीकडे पोचले ते बहुतेक आमच्या धंद्यातले नव्हतेच. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून होतं. तिथले पुष्कळसे लोक न्यू जर्सीत, बे एरियात बसून आधी रोमन अक्षरांतच मराठी लिहीत आणि वाचणाराही ते मनातल्या मनात देवनागरीत फिरवून घेई. मग बरहा आलं, गमभन आलं, मनोगत सुरू झालं. जसं बोलतो तसं रोमन कळांवर बडवायचं आणि पडद्यावर देवनागरी उमटायची. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, मराठी विकिपीडिया सुरू झाला. मी पहिल्यांदा हे पाहिलं ते भावाच्या घरी. त्याने माझ्या देखत रोमन कळांवर ‘आई’ टाइप केलं, आई उमटली, आणि मी पहिला प्रश्न विचारला तो, “डाँगल कुठाय?” तो मला वेड्यात काढून हसला. दुसऱ्या दिवशी वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “छापता येतं का पण ते?” छापता येत नव्हतं, निदान आम्हाला हवं तसं. तिथे आमच्यापुरता विषय संपला. आता वाटतं, ‘छापता येतं का’ हा त्या खोलीतला एकमेव प्रश्न होता आणि ‘शोधता येतं का’ हा प्रश्न विचारायचा असतो हेच आमच्या गावी नव्हतं. वृत्तपत्रांनाही ते कुठे कळलं होतं? त्यांची संकेतस्थळं सुरू झाली तेव्हा ‘मजकूर दिसत नसल्यास आमचा फाँट उतरवून घ्या’ अशी पाटी प्रत्येकाच्या दारावर, आणि दर दाराला वेगळा फाँट.

बाकीचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. फोन आले, फोनवर मराठी कळफलक आले, २०१६ नंतर डेटा पाण्याच्या भावाने मिळायला लागला आणि ज्यांनी शाळा सुटल्यावर निबंधापुरतंही मराठी लिहिलं नव्हतं ते दिवसभर मराठी लिहायला लागले. रिक्षावाले, भिशीच्या बायका, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त मामलेदार. मी हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. आमच्या खोलीत येणारे लेखक साधारण एकाच छापाचे होते. पेठेतले, नाहीतर पेठेत येऊन बसू शकणारे. ज्याच्याकडे हस्तलिखित टाइप करून घ्यायला पैसे नाहीत, ज्याची बोली मुद्रितशोधकाच्या म्हणजे माझ्या लाल पेनात अडकली असती, तो त्या जिन्यापर्यंत पोचतच नव्हता. आज मी झोपण्यापूर्वी फोनवर जे मराठी वाचते त्यात चंदगडकडचं असतं, झाडीपट्टीतलं असतं, खानदेशातलं असतं. त्यातलं निम्मं वाचताना माझा हात अजूनही लाल पेनाकडे जातो. मग मी हातालाच दटावते.

आईचं तर वेगळंच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला कळफलक सापडत नाही, चष्मा सापडत नाही, पण माइकचं चिन्ह अचूक सापडतं. ती फोनशी बोलते आणि फोन लिहितो. तिला विराम माहीत नाही, त्यामुळे तिचा मजकूर एका श्वासात येतो: कशी आहेस काल डोकं दुखत होतं म्हणालीस आलं टाकून चहा घे आणि हो ते आमसुलाचं पार्सल मिळालं का मी ठेवते गं दूध उतू चाललंय. शेवटचं वाक्य माझ्यासाठी नसतं, पण फोनने तेही इमानाने लिहिलेलं असतं. माझ्या आजीने सासरहून माहेरी लिहिलेली पोस्टकार्डं घरात आहेत. त्यांत सगळं कसं शहाण्यासारखं, ‘सा. न. वि. वि.’ पासून ‘कळावे’ पर्यंत. दूध उतू गेल्याचा उल्लेख एकाही कार्डात नाही. गेलं मात्र असणारच.

पण हा कळफलक फार आगाऊ आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ‘भाव’ एवढंच टाइप करते, मला भाजीचा भाव विचारायचा असतो, आणि वरच्या पट्टीत ‘भावपूर्ण’ हजर. तो चुकून दाबला गेला की पाठोपाठ ‘श्रद्धांजली’. आपण सगळे मिळून दिवसभर काय लिहीत असतो याची ही पावती. ‘आशिर्वाद’ ऱ्हस्व शि घालून इतक्या जणांनी लिहिला, की आता तोही त्या पट्टीत ऐटीत बसलेला दिसतो. वहिनींचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह कुणी या यंत्रात घातलेलं नाही. आणि ल! मराठीतला पाकळ्यांचा ल आणि शेंडीफोड्या श हेच वापरावेत असा शासननिर्णय २००९ साली निघाला, शाळेत पोरांना तेच शिकवतात, आणि फोनवर सगळीकडे दिसतो तो हिंदीचा दंडवाला ल. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक एकच. त्याला पाकळ्या फुटाव्यात की दंड, हे फाँट ठरवतो. नव्या फाँटांत दोन्ही रूपं भरलेली असतात. हा मजकूर मराठी आहे असं पानाच्या पोटातल्या संकेतात नमूद केलं, की पाकळ्यांचा ल बाहेर येतो. ते एवढंसं नमूद करायचा आळस. तो पापणीचा र सुद्धा असाच आडवाटेने येतो. दाक्षिणात्य भाषांतला कडक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून खाली टिंब असलेला ऱ युनिकोडमध्ये ठेवला होता. आपली ‘तऱ्हा’ त्याचा पाय मोडून लिहिली जाते.

तर काकांची फाइल. ई-बुक करायचं म्हणजे मुखवटे उतरवून खरी अक्षरं हवीत. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, काही फुकटही. मी त्यातल्या एकात काकांचं पान घातलं आणि बाहेर आलं ते असं: ‘पूवीर् आमच्या घरी’. ‘मार्ग’चा ‘मागर्’ झाला, ‘वर्ष’चं ‘वषर्’, काही ठिकाणी ‘किती’च्या जागी वेलांटी पुढे निसटून एका टिंबांच्या वर्तुळावर लटकलेली. ही चूक कुठून आली ते मला बघताक्षणी कळलं, कारण ती मी स्टुलावर बसून पाहिली होती. रफार नंतर मारायचा, वेलांटी आधी. वहिनींच्या बोटांचा क्रम जसाच्या तसा. यंत्राने अक्षरं बदलली होती, पण अमुक खूण डोळ्याला नंतर दिसते आणि जिभेला आधी लागते, हे त्याला सांगायला कुणी विसरलं होतं. २००५-१० च्या सुमाराचे वृत्तपत्रीय लेख आंतरजालावर वाचणाऱ्यांनी हे ‘पूवीर्’ चिकार पाहिलं असेल. कुणी सुधारलं नाही. आता कोण सुधारणार?

मग मला एक चाळा लागला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘वरवंटा’ शोधला. शिकागो विद्यापीठाने तो कोश अक्षर न् अक्षर जालावर ठेवलेला आहे. वरवंटा पटकन निघाला. जालावर स्कॅन करून ठेवलेली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, खिळे जुळवून छापलेली मराठी पुस्तकं चाळली; यंत्र आता कागदावरून छापील मजकूर वाचू शकतं, त्यामुळे तीही हळूहळू बोलती होताहेत. आईचा उतू गेलेल्या दुधाचा निरोप शोधला, क्षणात सापडला. म्हणजे खिळ्यांचा काळ सापडतो आणि फोनचा काळ सापडतो. सापडत नाही तो मधला, ज्याला आम्ही मोठ्या अभिमानाने संगणकयुग म्हणत होतो. साधारण १९९० ते २०१० मधले हजारो दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ, प्रबंध, साहित्य संमेलनांची भाषणं, संगणकावर तयार झालेली आणि तरी संगणकाला न कळणारी. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आम्ही ती जपून नेत राहिलो. ‘सॉफ्ट कॉपी आहे आपल्याकडे’ हे वाक्य तेव्हा विम्याच्या पॉलिसीसारखं उच्चारलं जायचं.

काकांचं ते साप्ताहिक वहिनींकडेच जुळवलं जायचं. पीडीएफ आहे तर मूळ फाइलही असेल, म्हणून त्यांना फोन केला. दादा आता नाहीत. वाडा पाडून तिथे इमारत झाली आणि त्यातल्या तळमजल्याच्या गाळ्यात वहिनींचं ऑफिस चालू आहे, भाचा बघतो. तो ब्राउझरमध्येच पत्रिका करतो. तयार साचा उघडायचा, नावं बदलायची, गणपती जरा मोठा करायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. छापील पत्रिका हल्ली देवापुढे ठेवण्यापुरत्याच. सॉफ्टवेअर विकत घेण्याची भानगडच उरली नाही. पेजमेकरवाल्या अडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केलं, की यापुढे वर्गणी भरा आणि वापरा. भाच्याला यात काही वावगं वाटत नाही. “डाँगल हरवण्यापेक्षा बरं की, काकू,” तो मला म्हणाला. “पैसे भरले की चालू.” आणि नाही भरले की? त्याने खांदे उडवले. दादा कुलूप कपाटात ठेवत होते, त्याचं कुलूप कंपनीकडेच आहे, एवढाच काय तो फरक, असं मी म्हणणार होते. पण त्याला गिऱ्हाईक आलं.

गाळ्याच्या मागच्या बाजूला पोटमाळ्याखाली वहिनींनी तो जुना संगणक ठेवलाय. एक्सपीवाला, जाड काचेच्या मॉनिटरसकट. त्याला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नाही. एक्सपीची देखभाल २०१४ साली बंद झाल्यापासून त्याला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही असा नियम आहे. सुरू व्हायला तो इतका वेळ घेतो की मधे चहा होतो. वहिनींनी डाँगल पदराने पुसून मागे खोचला, पेजमेकर उघडला, आणि काय बोटं चालली त्यांची! तिथे वरवंटा सापडला सुद्धा. त्या पॅकेजात, त्याच फाँटात शोधलं तर सापडतो, कारण तिथे मुखवट्याला मुखवटा ओळखतो. पण एकेक फाइल उघडून, आणि बाहेर काढायची सोय नाही. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत बसलो. मग वहिनीच म्हणाल्या, “छापू या का?”

तेच केलं. सगळी पानं लेझर प्रिंटरवर स्वच्छ, मोठ्या टाइपात कागदावर काढली. भाच्याने फोन स्टँडला लावून पानामागून पान फोटो काढले आणि फोटोतला मजकूर वाचून घेणाऱ्या एका सेवेला दिले. खरी, क्रमांकवाली मराठी अक्षरं बाहेर आली. रफार जागेवर, वेलांट्या जागेवर. संगणकातलं मराठी संगणकाला समजावं म्हणून ते आधी कागदावर उतरवावं लागलं, हे भाच्याला फार विनोदी वाटलं. वहिनींना अजिबात वाटलं नाही. “कागदावर आल्याशिवाय कुठलंही काम पुरं होत नाही, हे मी तुझ्या काकांना सांगत होते,” त्या दादांबद्दल भाच्याला म्हणाल्या.

चुका अर्थात होत्याच. पण कुठल्या? ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’, ‘थोडं’चं ‘योडं’. घ-ध, भ-म, थ-य. अक्षराच्या गाठी आणि डोक्यावरची रेघ नीट न दिसल्यामुळे होणाऱ्या. शिसाच्या खिळ्यांवर काम केलेले एक म्हातारे कंपोझिटर सुरुवातीच्या काळात आमच्या खोलीत यायचे, ते मला नेमक्या याच जोड्या शिकवायचे. “यांच्यावर डोळा ठेव पोरी, बाकीचं आपोआप दिसतं.” यंत्र डोळ्याने वाचायला लागलं आणि डोळ्याच्याच चुका करायला लागलं. मला ते एकदम ओळखीचं वाटलं, जवळचं म्हणा हवं तर. बऱ्याच दिवसांनी मी लाल पेन उघडलं, प्रिंटाउट मागितलं, आणि समासात खुणा करत सुटले. काकांच्या आईची टाकीवालीशी हुज्जत तिसऱ्यांदा वाचली. चार आण्यांवरून सुरू झालेली ती हुज्जत शेवटी दोघींनी एकमेकींना जावयांच्या तक्रारी सांगण्यावर येते, हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अडलं ते बिलावर. वहिनी अजून कार्बन घालून पावती फाडतात, आणि कामाचं नाव लिहिल्याशिवाय दर लिहीत नाहीत. टाइपिंग म्हणावं तर कुणी टाइप केलं नव्हतं. स्कॅनिंग म्हणावं तर झेरॉक्सवाल्याच्या दराने कागद-टोनरही सुटत नाही. डिझाइन म्हणायला भाचा तयार, पण वहिनींना ते खोटं वाटलं. डिझाइन त्यांनी त्या काळातच केलं होतं आणि त्याचे पैसे साप्ताहिकाने तेव्हाच दिले होते. भाचा म्हणाला, “डेटा रिकव्हरी लिहू. त्याला भाव आहे.” वहिनींनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. “मग तू काय केलंस?” मला विचारलं. प्रुफं वाचली, म्हटलं. “बास तर,” म्हणून त्यांनी पावतीवर ठळक अक्षरांत ‘प्रूफरीडिंग’ लिहिलं, पानाला माझाच जुना दर लावला, आणि वर सांगितलं, की निम्मे त्यांचे.